मुंडावळ्यांचं सूत

भिवंडीत कुणाच्याही हाती सूत दिलं की तो आधी ते तोडून बघतो. दोन्ही अंगठे जवळ येतात, एक झटका बसतो, आणि मग कुठे मान हलते. आमचे हे तर जन्मभर सुताच्या पेढीवर कारकून. हे निवृत्त झाले, अंगठे काही झाले नाहीत.

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली, "आई, मोत्यांच्या मुंडावळ्या नकोत. तू कातलेल्या सुताच्या कर." शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी घरीच कागद बनवते आणि त्याचं सूत काढते, त्याचं तिला फार कौतुक. मी हो म्हणून बसले खरी. लग्न मे महिन्यातलं, हॉलमध्ये घामाच्या धारा. कागद भिजून मुलीच्या कपाळावरची मुंडावळी ऐन लग्नात तुटली, तर बायका काय म्हणतील ते सांगायला नको. बायकांचं सोडा, माझ्याच जिवाला ते लागलं असतं.

सुताला बळकटी यावी म्हणून त्यात केळीच्या बुंध्याचे धागे, म्हणजे वाख, घालायचं ठरवलं. होणारे व्याही जवळच्या अंजूरचे. घड उतरवलेला केळीचा बुंधा त्यांनी परसातून रिक्षाने पाठवला. त्याची सोपटं एकेक सोलून, पसरून मी चमच्याने गर खरवडला, उरलेला वाख धुऊन गॅलरीत वाळत घातला. शेजारीण म्हणाली, "टीचर, ये किसके बाल सुखाए हैं?" कागदासाठी जुन्या लग्नपत्रिका भिजवून मिक्सरमध्ये फिरवल्या, लगदा चाळणीवर पसरून वाळवला. मग त्याच्या बारीक पट्ट्या कापायच्या, ओल्या फडक्यात ठेवायच्या, वाखाचे धागे सोबतीला घ्यायचे आणि टकळीवर पीळ द्यायचा. दुपार कधी सरते कळत नाही. इतकं सुख मला दुसऱ्या कशात मिळत नाही.

फक्त संध्याकाळी यांच्या चहाच्या बशीत तुटके धागे दिसत. मी चिडले, "निदान लेकीच्या लग्नाचं तरी सोडा."

"हात आपसूक जातो गं," हे म्हणाले.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. मी वाख वाढवला, पीळ घट्ट केला. तरी बशीत तुकडे होतेच. मग एका संध्याकाळी बशी रिकामी दिसली. यांच्या बोटावर मात्र लाल वळ होता. मी त्याच सुताच्या मुंडावळ्या करायला घेतल्या.

लग्नाच्या दिवशी मुंडावळ्या ताटात अक्षतांशेजारी ठेवल्या होत्या. व्याही वाकून बघू लागले. त्यांचे स्वतःचे माग आहेत. "कागदाचं सूत हाय व्हय ह्ये?" म्हणत त्यांनी एक मुंडावळी उचलली, आणि त्यांचे अंगठे जवळ येताना मला दिसले. 

यांनी पुढे होऊन त्यांचा हात धरला.

"राहू द्या. पाण्यात भिजवून, ओढून, सगळं करून बघितलंय मी. नाही तुटत."

व्याह्यांनी हसून मुंडावळी ताटात ठेवली. यांच्या तोंडून माझ्या सुताचं एवढं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकत होते, तेही चारचौघांत. डोळे भरून आले. मग लेकीच्या कपाळावर मुंडावळ्या बांधल्या आणि मागची गाठ चांगली ओढून घट्ट केली.