मास्तरणीनं फोडलेला शब्द

इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींच्या घड्या घालणारी ती बाई चौथीपर्यंत शिकलेली. तरी वॉर्डात सगळे तिला मास्तरीण म्हणायचे, आणि ते नाव तिला जिवापेक्षा प्यारं.

कारण ती शब्द फोडायची. चादरींच्या गठ्ठ्यांवर छापलेलं असायचं ‘वॉशेबल’, हातमोज्यांच्या खोक्यावर ‘डिस्पोझेबल’. शेवटी ‘एबल’ आलं की ती गोष्ट करता येते, हे तिनं आपलं आपणच ताडलं. मुकादम अर्ध्या गठ्ठ्यावर ‘इनकम्प्लीट’ची चिठ्ठी लावायचा. म्हणजे पुढं ‘इन’ लागलं की नकार. ‘निर्जंतुक’, ‘निरुपयोगी’ यांचंही असंच. “शब्द म्हणजे उशीचा अभ्रा गं,” ती म्हणायची, “उसवला की आत काय भरलंय ते दिसतं.”

डॉक्टर राउंड घेऊन गेले की खाटाखाटांवरून हाका. “मास्तरीण, काय बोलले गं आमच्यावर?” कारण डॉक्टर पेशंटच्या डोक्यावरून बोलायचे, खाटेवर माणूस नाही, सामान ठेवलंय जणू. ही चादर बदलता बदलता सांगून टाकायची. मी इस्पितळातल्या कामगारांची युनियन चालवते; मी तर शाळेत न जाताच भिंतीवरची पत्रकं वाचून शिकलेली. माझ्या सभांमधून मी तिचं उदाहरण छाती फुगवून द्यायचे.

कोपऱ्यातल्या खाटेवर एक सुतार होता. पोटात गाठ. बायको पायथ्याशी बसलेली, लेक परगावाहून निघायच्या तयारीत. मोठे डॉक्टर त्याचं पोट दाबून धाकट्याला म्हणाले, “इनऑपरेबल,” आणि पुढं गेले.

“मास्तरीण, काय गं?” बायकोनं विचारलं.

हिनं अभ्रा उसवला. आत ऑपरेशन, शेवटी एबल, पुढं इन. “ऑपरेशन नाही करायचं म्हणतात.”

“म्हणजे बरं का वाईट?”

इथं तिनं थांबायला हवं होतं. पण सगळा वॉर्ड कान टवकारून बसलेला. “बरंच की! चिरफाड टळली. गोळ्यांवर भागेल.”

सुतार हसला. “बघ, म्हटलं नव्हतं? या लाकडावर करवत चालायची नाही.”

बायकोनं तिथूनच लेकीला फोन लावला. “धावतपळत येऊ नकोस. ऑपरेशन टळलं. रजा मिळेल तशी ये.”

लेक रजा मिळेल तशी आली. तोवर बापाला माणसं ओळखू येत नव्हती. “नर्सबाई, पाणी द्या,” तो लेकीला म्हणाला. मग गेलाच.

लेकीनं डॉक्टरांना गाठलं, तेव्हा उत्तर मिळालं, “गाठ ऑपरेशनच्या पलीकडे गेलीय, हे मी तेव्हाच बोललो होतो.” ती धोबीखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. आरडाओरडा नाही, शिवी नाही. “मावशी, कळलं नव्हतं तर नाही कळलं म्हणायचं होतं ना.” एवढंच बोलून गेली.

माझ्या कानावर आलं तेव्हा माझं डोकं फिरलं. तडक धोबीखाना गाठला. “चल मावशी, त्या डॉक्टरला जाब विचारू. माणसाच्या मरणाची गोष्ट अशी फेकून जातात?”

ती घड्या घालत राहिली. “विचार की, पोरी. त्यांची चूक आहेच. पण त्यांच्या चुकीखाली मला झाकू नकोस.”

“अगं, तू शब्द बरोबर फोडलास!”

“फोडला बरोबर. आत ‘करता येत नाही’ एवढंच होतं. ‘गरज नाही’ हे मी पदरचं भरलं. मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हेही ठाऊक होतं. पण मास्तरणीला ‘माहीत नाही’ म्हणायची लाज वाटली.”

 

बरेच दिवस ती वॉर्डाच्या दाराशी चादरी ठेवून परत फिरायची. कुणी जुन्या नावानं हाक मारली की मान खाली.

मग एका सकाळी मी तिथं असताना चादरी बदलायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तिला आत यावं लागलं. राउंड नुकताच पुढं सरकलेला. एका म्हातारीनं तिचा हात धरला. “काय बोलले गं माझ्यावर?”

तिचे ओठ हलले. मनात शब्द फोडत होती, स्पष्ट दिसत होतं. मग गठ्ठा खाटेवर ठेवून ती डॉक्टरांच्या वाटेत उभी राहिली. मान काही वर झाली नाही.

“साहेब, मघाचा शब्द मला कळला नाही. या आजींना कळेल असं सांगा.”

“तुम्ही कोण यांच्या?”

“कुणी नाही. चादरी बदलते.”

अख्खा वॉर्ड ऐकत होता. ती हलली नाही.