भावाने दिलेलं मशीन

गल्लीत कपडे शिवणाऱ्या ताईंचा हात सरळ आणि जीभ त्याहून सरळ. गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायच्या, "हा रंग तुम्हाला शोभत नाही. पण हौस तुमची, मी कोण बोलणार?" अशी बाई आयुष्यात एकदाच खोटं बोलली, आणि तेही शेजारीपाजारी गोळा करून. स्वतःच्या कमाईतून मोटारवालं शिलाई मशीन आणलं आणि जाहीर केलं, "धाकट्यानं दिलंय!"

भाऊ तेव्हा रिकामटेकडा. वडील त्याला येताजाता टोचून बोलत. त्या दिवसापासून त्यांचं टोचणं थांबलं. उलट मशीनवरची धूळ ते स्वतःच्या हातानं पुसू लागले.

पुढे धाकटा नोकरीची खोटी पत्रं विकताना पकडला गेला. हा उद्योग मशीन आलं त्याच वर्षी सुरू झाला होता, असं चौकशीत निघालं. शिक्षा झाली आणि जप्तीचे साहेब दारात आले. माणूस मवाळ, पण कायदा तोंडपाठ.

"गुन्हेगाराची संपत्ती म्हणजे फक्त त्याच्या घरातली नव्हे, ताई. त्या काळात त्यानं कुणाला फुकट काही दिलं असेल, तर तेही त्याचंच धरतात."

शेजारीण मायेनं मध्येच बोलली, "मशीन भावानंच दिलंय हो! साऱ्या गल्लीला माहीत आहे." आता हिला काय म्हणावं? आपलेच दात, आपलेच ओठ.

ताईंनी खरं सांगितलं असतं तर मशीन वाचलं असतं. पण कोपऱ्यात वडील बसले होते. लेकानं केलेली एवढी एकच चांगली गोष्ट त्यांच्यापाशी उरली होती. मशीन गेलं की चूल थंडावणार, हे ठाऊक असूनही ताई म्हणाल्या, "हो. त्यानंच दिलं." खुळी बाई! पण अशा खुळ्या माणसांवर जीव जडतो.

साहेबांनी एक कागद काढला. "तो तसं म्हणत नाही. बहिणीला काय दिलंस, असं विचारलं तर त्यानं लिहून दिलंय: 'काहीच नाही. मशीन तिनं स्वतः घेतलं आणि नाव माझं सांगितलं. तिच्या कष्टाला माझ्या संपत्तीत धरू नका.' दुकानात जाऊन मी खात्री केली. मशीन तुमचंच आहे."

ताईंना रडू आवरेना. मशीन वाचलं होतं, पण वडिलांकडे बघायची त्यांना हिंमत होत नव्हती.

वडील कोपऱ्यातून उठून मशीनपाशी आले. मग म्हणाले, "म्हणजे खरं बोलला की पोरगा." आणि अटकेपासून लेकाचं तोंडही न पाहिलेल्या त्या म्हाताऱ्यानं साहेबांना विचारलं, "भेटायची वेळ काय असते हो तिथे?"