पांढऱ्या ॲस्टरची पाकळी

माजी पोरगी फुलं खायची. रांगाय लागली तवापास्नं तिला ती खोडच लागली. पलूसकडं एका मालकाच्या पॉलिहाऊसात आमी ॲस्टर तोडाय जायचो, मी आन आत्या, म्हंजे माजी सासू. ह्ये मिल्ट्रीत, घरात दुसरं कोण न्हाई, मग पोरगी बी संगंच. आतल्या पायपाला लुगड्याची झोळी बांधायची, जागी झाली का वाफ्याच्या कडंला सोडायची. ती हात लांबवून पांढरं फूल वढायची आन पाकळ्या चघळत बसायची. बाया हसायच्या. "काय गं, माह्यारास्नं शेळी आणलीस का?" माजं म्हायेर जतचं, तिकडं शेळ्याच लई, म्हणून आसं चिडवायच्या. मी बी हसायची.

फवारणी कवाबी सांजच्याला, आमी घरी गेल्यावर. सकाळी बाजूचं पडदं वर गुंडाळल्यालं आसायचं, वारं खेळत आसायचं, मगच आत जायचं. त्या दिशी गेलो तर पडदं खालीच. आत नुसतं कोंदाट, आन लसूण सडल्यावानी उग्र वास. पानं वली व्हती. मला वाटलं पाणी सोडलं आसंल.

"आज पडदं का पाडल्यात गं?" आत्या म्हणली, आन कामाला लागली बी. मी झोळी बांधली.

पोरगी किरकिराय लागली तशी खाली सोडली, मी फुलांच्या जुड्या बांधाय लागली, आन वळून बघितलं तर तिच्या व्हटाला पाकळी चिकटल्याली. रोजच्यागतच. पर ती हसंना. नुसती लाळ गळत व्हती, हनवटीवरनं झबल्यावर. आन माजी बोटं चुरचुरत व्हती, कवाधरनं चुरचुरत व्हती, माजं ध्यानच नव्हतं.

"आत्या, आवं आत्या, ह्ये पाणी न्हाई."

पोरीला उचलून बाहीर पळालो. दारातच मॅनेजर फोनवर बोलत हुबा. मी म्हणलं, "भाऊ, आज काय मारलंय?"

"कुठं काय. झाडाचं साधं टॉनिक हाय. काल सांजचं आभाळ आल्यालं, म्हणून पहाटं मारलं."

"मग पडदं का पाडलं?"

त्यो माज्याकडं बघंना, पोरीकडं बी बघंना.

रिक्षानं पलूसच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीण बाईंनी तिचं तोंड धुतलं, कापडं काढून आंग पुसलं, बॅटरीनं डोळं बघितलं. म्हणल्या, "नुसतं टॉनिक म्हणून चालत नाही. कशाची फवारणी केली ती बाटली मागवा." आत्या कुणाला चढ्या आवाजानं बोलत न्हाई. त्या दिशी मॅनेजरला फोनवर म्हणली, "बाटली घिऊन ये, न्हाईतर नातीला घिऊन तुज्या दारात बसती."

त्यो आला बाटली घिऊन. नवीकोरी. बाईंनी टोपण फिरवून बघितलं तर शील बी फोडल्यालं नव्हतं.

"मग मारलं कशातलं?"

"ह्येच की. दुसरी व्हती, ती जाळली."

बाईंनी बाटली तशीच टेबलावर ठिवली आन पोरीकडं वळल्या. एक सुई दिली, चिठ्ठी लिवली, म्हणल्या, "सांगलीला न्या. घरी जाऊ नका, सरळ सांगलीला."

गाडीत पोरीचं डोळं सारखं मिटत व्हतं. मी तिच्याशी बोलत व्हती, काय बोलत व्हती ते आता आठवत न्हाई, आत्या तिचं पाय चोळत व्हती. सांगलीत सलाईन लावलं, छातीला वायरी लावल्या. दुसऱ्या दिशी सकाळी ती दूध प्याली, तवा माज्या जिवात जीव आला. मोठं डॉक्टर म्हणलं, "आता बरी आहे. पण पोटात नक्की काय गेलंय ते कुणी सांगत नाही, म्हणून लक्ष ठेवा. जास्त झोपायला लागली तर लगेच घेऊन या."

जास्त म्हंजे किती, ते मी इचारलंच न्हाई.

कामावर आता आमी दोघी बी जात न्हाई. दुपारची पोरगी झोपली का मी तिच्या नाकापुढं हात धरती. वारं लागतं हाताला, तरी मन धरंना, मग तळपायाला बारीक चिमटा काढती. ती दचकून रडाय लागती.

"झोपू दे की गं तिला," आत्या चुलीपुढनं वरडती.

मी न्हाई झोपू देत.