म्हणे आजीचा मसाला!

बायांनो, आज कोपरखैरण्याला आमच्या घरी एक शहाणा येऊन गेला. माझी सून मोबाईलवरून मसाला विकते. तिचं दुकान गुगलवर कुठंतरी तळाला पडलेलं असतं, ते वर आणून देतो म्हणून हा आला.

आला तो माझेच फोटो काढायला लागला. दुकानाचं नाव 'आजीचा आगरी मसाला' करा म्हणे. आणि खाली लिहिणार काय, तर आजी पहाटे उठून उखळात मिरच्या कुटतात! मेल्यानं घरात उखळ तरी बघितलं का?

मी म्हटलं, "अरे, मला मिरचीच्या वासानं ठसका लागतो. मसाला तिचा हाय. नावड्याला माहेरी शिकलीय. डंकावर कुटून आनायला पन तीच जाते."

तर दात काढून म्हणतो, "आजी, लोक आजीचा मसाला सर्च करतात. सुनेचा कोण सर्च करणार?"

सून चहा गाळत होती. मान वर न करता म्हणाली, "राहू द्या ना आई. धंदा चालला म्हणजे झालं."

"तू गप बस," मी म्हटलं. "आनि तू रे, चहा पी आनि चालू लाग."

तो गेल्यावर सुनेला समोर बसवून दुकानाचं नावच बदलायला लावलं. 'सुनेचा मसाला'.

आता तुमी सगळ्या दिवसभर मोबाईल घेऊन बसलेल्याच असता. टाका ते नाव गुगलात. बघू कोण सर्च करत नाही ते!