न विचारलेली गोष्ट

जगदेव बावीस वर्षं शेलूबाजार-मंगरूळपीर रस्त्यावर जीप चालवत होता. बोलायला मोठा मोकळा माणूस. पण गेल्या उन्हाळ्यात त्याला खोकला लागला, अंगातला सदरा लोंबायला लागला, आणि बेडक्याच्या तपासणीत टीबी निघाला. तेव्हापासून त्याचं तोंडच मिटलं. टीबीवाल्याच्या गाडीत कोण बसणार? कंबर धरली म्हणून सांगून त्याने महिनाभर जीप दुसऱ्याच्या हाती दिली. खरं काय ते फक्त बायकोला, दुर्गाबाईला माहीत होतं, आणि सरकारी दवाखान्याच्या गोळ्या घरोघरी पोचवणाऱ्या गावच्या आशाताईला.

ही आशाताई, ज्योत्स्ना, त्याच्या चुलतभावाची सून. गोळ्या घेऊन तीच घरी येई. सहा महिने, रोज, एकही दिवस चुकवायचा नाही, असं तिने चारदा बजावलं. जगदेव खाली पाहून मान हलवी.

गोळ्या सुरू झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्याला लघवी लाल दिसली. तो घाबरला. रोगाचं रक्त असेल, जाईल, अशी त्याने मनाची समजूत घातली. दीड महिन्यात खोकला थांबला, भाकरी गोड लागू लागली, लघवी मात्र लालच. मग त्याला वाटलं, या गोळ्याच आपल्याला आतून खाताहेत. विचारणार कुणाला? घरच्या सुनेपुढे असली गोष्ट काढायची कशी? दवाखान्यात जावं, तर स्टँडवरचं कुणी ना कुणी तिथे भेटायचंच. त्याने गोळ्या सोडल्या. रोजची गोळी नाल्यात टाकायची आणि रिकामं पाकीट ज्योत्स्नाला दाखवायचं, असं सुरू झालं.

सोयाबीन घरात आलं त्या सुमारास, पोहरादेवीला माणसं घेऊन जाताना, त्याला खोकल्याची उबळ आली. जीप कडेला घेतली तोवर हातरुमाल रक्ताने भिजला होता. माणसं उतरून लांब उभी राहिली. एकाने पाण्याची बाटली जमिनीवर ठेवली आणि तो मागे सरला.

रस्त्यावरची गोष्ट ऐकून दुसऱ्या दिवशी ज्योत्स्ना आली. गोळ्या त्याच्या पोटात जात नव्हत्या, हे तिने ओळखलं होतं. रागावली नाही. ओसरीवर टेकली.

"मामाजी, गोळ्या काहून सोडल्या?"

दुर्गाबाई थकल्या आवाजात म्हणाली, "सांगून टाका आता. लपवाले काय राह्यलं?"

"लघवी लाल होऊन राह्यली होती," तो म्हणाला. "मले वाटलं, आतून रक्त जाऊन राह्यलं."

ज्योत्स्नाने हातातली पिशवी खाली ठेवली.

"तो गोळीचा रंग असते, मामाजी. सगळ्याइलेच होते तसं. मी पयल्याच दिवशी सांगाले पाह्यजे होतं. तुमच्यासमोर मलेच लाज वाटली."

जगदेवला रागही आला नाही. तेवढं बळच अंगात नव्हतं.

पुन्हा तपासणी झाली. औषध अजून लागू पडत होतं, पण सहा महिने पहिल्या दिवसापासून मोजायचे होते. घरातल्यांनाही तपासलं, तेव्हा दुर्गाबाईच्या छातीतही डाग निघाला. घरी येऊन तिने कणीक मळायला घेतली.

जगदेवचा कोर्स यंदा वैशाखात संपला. बेडका साफ निघाला, पण दम पूर्वीचा राहिला नाही. दोन फेऱ्या केल्या की तो स्टँडवरच आडवा होतो. दुर्गाबाईच्या गोळ्या उशिरा सुरू झाल्या, त्यांचा महिना अजून बाकी आहे. गोळी घेतली की तिला मळमळतं. सकाळी तो पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवतो आणि तिने शेवटची गोळी गिळेपर्यंत शेजारी बसून राहतो.