हलवलेला घट

अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकत असताना मी एक कोर्स घेतला होता. माझ्या संख्याशास्त्राशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. विषय होता प्राचीन ग्रीकांचा घरातला आणि नगरातला धर्म. वेळ सोयीची होती आणि कॅम्पसची बस त्या इमारतीच्या दारातच थांबायची, एवढंच कारण. देवाधर्माची आवड म्हणावी, तर आमच्या घरात देव नव्हतेच. आजोबांनी दीक्षा घेतली त्या वर्षी देव्हाऱ्यातले सगळे टाक फडक्यात बांधले आणि नदीत सोडून आले. मी नागपूरला वाढले ती बुद्धाच्या तसबिरीसमोर वंदना म्हणत.

प्राध्यापक म्हातारे होते, मायाळूही होते. त्यांनी सांगितलं, अथेन्समध्ये एखाद्याला अधिकारपद द्यायचं झालं की आधी विचारत: तुझा बाप कोण, आजा कोण, तुझ्या घरचा अंगणातला झ्यूस कुठे आहे, पूर्वजांच्या कबरी कुठे आहेत? त्याला ते काम जमेल का, हे मात्र कुणी विचारत नसे. मग ते माझ्याकडे वळले. "तुमच्या देशात हे अजून जिवंत आहे. तुमच्या घरचे देव कुठे असतात?" मी म्हटलं, "आमच्या घरी देव नाहीत." ते थोडे हिरमुसले. भारतातून आलेली मुलगी आणि घरात देव नाहीत, हे त्यांच्या टिपणांत कुठे बसेना.

घरी येऊन मी हे रूममेटला सांगितलं, तर ती हसून हसून जमिनीवर बसली. "अगं, सांगायचं ना, रूममेटचे आहेत, शेअर करतो म्हणून!"

ती पुण्याची. तिचे देव स्वयंपाकघरातल्या उघड्या फळीवर, चहाच्या डब्याशेजारी असत. बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि देवीचा एक टाक. अपार्टमेंटचं लीज साइन करायच्या आधीच मी तिला सांगून टाकलं होतं की मी बौद्ध आहे. मागाहून कळून चेहरे बदलण्यापेक्षा आधी बदललेले परवडतात. ती म्हणाली होती, "सो व्हॉट, यार? मला भात करता येत नाही, ते आधी ऐक." तिचा चेहरा बदलला नाही. दोन वर्षं आम्ही एका ताटात जेवलो. त्या गावात माझं म्हणावं असं माणूस ती एकटीच होती, आणि मला एक पुरत होतं.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरच्या तोंडावर तिची आई आली. काकूंचा स्वभाव बोलका, हाताला चव. मला "बाळ" म्हणायच्या. नवरात्र आलं तसे त्यांनी त्याच फळीवर घट बसवले. पार्किंग लॉटच्या कडेची माती खरवडून आणली, केक भाजायच्या ट्रेमध्ये ती पसरून गहू पेरले, मधे तांब्या, त्यावर नारळ. दिव्याच्या धुराने अलार्म कोकलू नये म्हणून मी स्टुलावर चढून त्याची बॅटरी काढली. "एकदा बसला की घट हलवायचा नाही हं," काकूंनी दोघींना बजावलं. त्या अंघोळीला जात तेव्हा गव्हावर पाणी शिंपडायचं काम माझ्याकडे असे.

त्याच आठवड्यात वर्गात कोठाराच्या झ्यूसबद्दल शिकवलं. तो म्हणजे चक्क एक घडा. कानांना पांढरी लोकर गुंडाळलेला, आत पाणी, तेल, फळं. धान्याच्या खोलीत ठेवत. मी काकूंना सांगितलं तर त्या खूश. "म्हणजे ते लोकही आपल्यासारखेच की." त्या घड्याच्या पूजेला घराबाहेरचं माणूस काही घरांत चालत नसे, हे मी गाळलं. मुद्दाम नव्हे. ते आम्हाला लागू असेल असं डोक्यातच आलं नाही.

तिसऱ्या माळेला जेवताना काकू म्हणाल्या, "अष्टमीला तुला कुमारिका म्हणून बसवते, बाळ. इथे दुसरी कुठून आणू? तुमचं कुलदैवत कुठलं गं?"

मी घास गिळायच्या आत मैत्रीण म्हणाली, "तुळजापूरची भवानी, आई." माझ्याकडे न बघता. आणि मला भात वाढला.

मला राग काकूंचा नाही आला, मैत्रिणीचा आला. इतकं सहज उत्तर तोंडात तयार होतं, म्हणजे ते आधीच शोधून ठेवलं असणार. मला वाचवायला, हे मला कळत होतं. पण वाचवायचं कशापासून? ज्या गोष्टीला ती "सो व्हॉट" म्हणाली होती, तिच्यापासूनच.

खोट्या देवीच्या नावाने पाय धुवून घेणं मला जमणार नव्हतं. सकाळी चहाच्या वेळी, तिच्या देखत, मी सांगितलं, "काकू, आम्हाला कुलदैवत नाही. आम्ही बौद्ध आहोत."

काकू चहा ढवळत होत्या. ढवळत राहिल्या. मग म्हणाल्या, "असं होय. त्यात काय एवढं? आम्ही असलं काही मानत नाही." माझा कप माझ्यासमोर ठेवला, साखरही बरोबर होती. मैत्रीण टोस्ट खात होती. मी इतकी हलकी होऊन क्लासला गेले, की बसमध्ये एकटीच हसत होते.

संध्याकाळी परत आले तर फळी रिकामी. पुसून घेतलेली. चहाचा डबा होता तिथेच होता. काकू पोळ्या लाटत होत्या आणि न वळता म्हणाल्या, "इकडे फोडणीचा धूर फार होतो, बाळ." मैत्रिणीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत कपड्यांच्या कपाटात, लटकवलेल्या कोटांच्या खाली, दिवा जळत होता. हलवायचा नसलेला घट माळेसकट, कोवळ्या अंकुरांसकट तिथे पोचला होता. अष्टमीचा विषय पुन्हा निघाला नाही. जेवण मात्र मला रोज आग्रहाने वाढलं जात होतं.

काकूंना मी कधीच माफ केलं असतं. त्या त्यांच्या जागी, त्यांच्या वयाच्या. पण मातीचा तो भरलेला ट्रे आणि तांब्या त्यांना एकट्यांना उचलवला नसता. काकू पुण्याला परत गेल्यावर मी मैत्रिणीला विचारलं, "घट तू उचललास?"

"आईचे हात थरथरतात गं."

"आणि देव? ते कधी आणणार बाहेर?"

"राहू दे ना यार. तिथे शांत असतं त्यांना." मग कपाट लावत म्हणाली, "मी तुझ्यासाठीच खोटं बोलले होते. तू उगाच बोललीस."

मला सांगायचं होतं, की देव मुळीच नसलेल्या मला त्या रिकाम्या फळीकडे बघवत नाही. सांगितलं नाही. ती हसली असती किंवा रडली असती, आणि दोन्ही मला नको होतं. सेमिस्टर संपेपर्यंत आम्ही त्याच शेगडीवर स्वयंपाक केला, आधी ती, मग मी.