फावल्या वेळेतला उद्योग

सरांच्या शोकसभेत पाच जण बोलले आणि पाचही जणांनी सांगितलं की, सर पुस्तकातले नव्हे, मातीतले अर्थतज्ज्ञ होते. मी तिसऱ्या रांगेत बसून ऐकत होते. सर मातीत किती वेळ होते ते मला ठाऊक होतं. दहा मिनिटं. तीही आमच्या घरात, खुर्चीवर.

मी तेव्हा एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. शहराच्या पूर्व भागातल्या आमच्या गल्लीत घरटी एक तरी बाई विड्या वळायची. आई दिवस उजाडायच्या आत सूप मांडीवर घ्यायची ते दिवेलागणीलाच खाली ठेवायची. कॉलेजातून आले की मीही शेजारी वळायला बसायची. सरांना विडी कामगार बायकांवर पुस्तक लिहायचं होतं आणि आमच्या वर्गात तेलुगू बोलणारी मी एकटीच. ‘उद्या तुझ्या घरी येतो, तू दुभाषी,’ असं ते म्हणाले तेव्हा मी हरखून गेले. शेजारून खुर्ची मागून आणली.

सरांनी तंबाखूच्या वासानं नाकाला रुमाल लावला. आईनं केलेला चहा ‘पोट बरोबर नाही’ म्हणून तसाच ठेवला.

“विचार त्यांना, रोज किती वेळ करतात हे?”

खरं तर आईला मराठी उत्तम यायची. बाजारात, दवाखान्यात ती मराठीतच भांडायची. पण हा माणूस वही घेऊन आलेला. वहीवाला म्हणजे कारखान्याचा, नाहीतर सरकारचा. खरे तास सांगावेत, तर पुढचा प्रश्न ठरलेला : पोरगीपण वळते का? आणि माझं नाव तर कारखान्याच्या यादीत नव्हतं. तिनं माझ्याकडे बघून तेलुगूत सांगितलं, “उगीच आपलं. घरकाम आटपलं की तासभर. करमत नाही म्हणून.”

मी तेच मराठीत सांगितलं. सरांनी लिहून घेतलं. पुढ्यातला विड्यांचा ढीग त्यांना दिसला नाही, आईची काळी पडलेली बोटं दिसली नाहीत. शेजारच्या दोघींनी दारातून ऐकलं होतंच, त्यांनीही तेच उत्तर दिलं. मग सरांना उकडायला लागलं आणि ते स्कूटरवर बसून गेले.

दोन दिवसांनी मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, “सर, आई खोटं बोलली. ती दिवसभर वळते.”

सर हसले. “उत्तर देणाऱ्याचं उत्तर आपण बदलायचं नसतं. ही संशोधनाची शिस्त आहे.”

पुस्तक आलं. ‘विडी वळणे हा या भागातील स्त्रियांचा फावल्या वेळेतील उद्योग होय.’ त्यावर सर प्रसिद्ध झाले. मला पीएच.डी.ला त्यांनीच घेतलं, माझं पानन् पान लाल शाईनं सुधारलं, नोकरीसाठी चार ठिकाणी शब्द टाकला. हे उपकार खरेच आहेत. आणि त्याच उपकारांपोटी, आईच्या मांडीवर वाढलेली मी, ते वाक्य माझ्या प्रबंधात आदरपूर्वक उतरवून बसले. सरांना हसायचा मला काय अधिकार?

शोकसभेतल्या पाचव्या वक्त्यानं नेमकं तेच वाक्य वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या, शोकसभेत टाळ्या! मग सूत्रसंचालकानं ‘सरांची लाडकी विद्यार्थिनी’ म्हणून मला बोलावलं. भाषण लिहून नेलं होतं, ते पर्समध्येच राहिलं. मी चहापासून स्कूटरपर्यंत सगळं सांगितलं, माझ्या प्रबंधाचंही सांगितलं.

सूत्रसंचालकानं माइक हळूच माझ्या हातातून काढून घेतला. “मॅडम भावुक झाल्या आहेत. आपण समजू शकतो.”

बाहेर चहाच्या टेबलापाशी प्राचार्य कुजबुजले, “मॅडम, आज काय नडलं होतं?”

“मग कधी बोलायचं होतं, सर?”

ते बिस्किट घ्यायला वळले.

महिन्याभरानं स्मरणिका आली. माझ्या फोटोखाली गुरुऋणाच्या चार ओळी होत्या. त्या मी लिहिलेल्याच नव्हत्या. संपादकांना फोन केला.

“तुमच्याकडून मजकूर आला नाही, मग आमीच लिहिलं,” ते म्हणाले. “लई छान जमलंय की!”